लाह्यांवरचे मीठ

शरद ऋतूत, म्हणजे आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांत, मराठी घरांत लाह्यांना जो मान मिळतो तो वर्षाच्या इतर काळात मिळत नाही. आणि अलीकडे मक्याचे दाणे घरीच फोडून त्यांवर गुळाचा पाक व मीठ घालण्याची रीत रूढ होत असल्यामुळे, असा गोड-खारट खाऊ लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवता येईल काय, असा प्रश्न सहज उभा राहतो. प्रश्न दिसायला स्वयंपाकघरातला असला तरी त्याच्या पोटात दोन जुने वाद आहेत: देवाला अर्पण करायचे द्रव्य बदलता येते काय, आणि मिठाचे देवाशी नाते काय.

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा येथे, जिथे गोंदियाकडून येणारा रस्ता नागपूर-रायपूर महामार्गाला मिळतो, या प्रश्नाला एक ठोस भूमी लाभते, कारण हा सारा मुलूख धानाचा आहे. हलके धान, म्हणजे लवकर पिकणारे वाण, दिवाळीच्या सुमारास कापणीला येते, आणि लक्ष्मीपुढे बत्ताशांबरोबर ठेवल्या जाणाऱ्या साळीच्या लाह्या याच धान्याच्या असतात. भडभुंज्याच्या भट्टीवर काळ्या पडलेल्या कढईत वाळू तापवतात, तीत मूठभर अख्खे धान टाकून झाऱ्याने हलवतात, आणि टरफलाच्या आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ झाली की दाणा टरफल फोडून पांढरा उमलतो. नंतर चाळणीने वाळू व तूस वेगळे केले जाते. मुरमुऱ्यांची गोष्ट निराळी आहे. ते धान आधी उकडून, सुकवून, त्याचा तांदूळ काढून, त्याला मिठाचे पाणी लावून मगच भाजले जातात. म्हणजे एकाच धानाच्या दोन वाटा होतात: अळणी लाही देवघराकडे जाते, तर खारट मुरमुरा चिवड्याच्या डब्याकडे.

द्रव्य बदलण्याच्या प्रश्नावर सर्वांत कसून विचार पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, केला आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात ‘प्रतिनिधी’ची, म्हणजे विहित द्रव्य न मिळाल्यास त्याच्या जागी घ्यावयाच्या द्रव्याची, चर्चा येते; तीनुसार व्रीही म्हणजे भात नसेल तर नीवार, म्हणजे पेरल्याविना उगवणारे रानटी भात, चालते, कारण दोहोंत सादृश्य आहे. भंडारा-गोंदियाच्या तळ्यांत आपोआप उगवणारे देवधान हे याच जातकुळीचे आहे. परंतु त्याच चर्चेत उडीद, वरक आणि कोद्रव ही धान्ये यज्ञाला अयोग्य ठरवली आहेत, आणि कोद्रव म्हणजे तर पूर्व विदर्भातल्या गोरगरिबांना व गोंड समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जगवणारे कोदो. नवे धान्य आधी देवाला व पितरांना दाखवून मगच स्वतः खाणाऱ्या माणसाच्या ताटातले अन्न अयज्ञिय ठरवणारे शास्त्र हे धान्याचा नव्हे, तर धान्य खाणाऱ्याचा निवाडा करते, असेच येथे म्हणावे लागते.

मक्याच्या बाबतीत ही अडचण उद्भवत नाही. मका मूळचा अमेरिका खंडातला असून सोळाव्या शतकानंतर तो भारतात रुळला, त्यामुळे तो शास्त्रात ना विहित आहे ना निषिद्ध. आणि साबुदाण्याचे कंद, बटाटा व भुईमूग ही त्याच खंडातून आलेली पिके उपवासाच्या फराळात निर्वेधपणे बसली असताना, उमलून पांढरी होणारी मक्याची लाही साळीच्या लाहीचा प्रतिनिधी म्हणून नाकारण्यास सबळ कारण उरत नाही. सादृश्याच्या कसोटीला ती कदाचित साबुदाण्याहूनही चांगली उतरते.

खरी अडचण मिठाची आहे. आपस्तंब धर्मसूत्राने क्षार व लवण यांचा होम नाकारला आहे. आणि आश्वलायन गृह्यसूत्रानुसार विवाहात लाजाहोम, म्हणजे वधूच्या ओंजळीतून लाह्यांची आहुती, झाल्यानंतर वधूवरांनी किमान तीन रात्री क्षार-लवण वर्ज्य करावे असे आहे. तरीही मीठ अपवित्र मानले असे म्हणता येत नाही, कारण पूजेच्या नैवेद्यातील भाजी, आमटी, कोशिंबीर ही सारी मीठ घालूनच केलेली असतात. वर्ज्य असते ते पानाच्या कडेला वेगळे वाढलेले मीठ. काही स्मृतिवचनांतही ‘प्रत्यक्ष लवण’, म्हणजे शिजताना न मिसळता वरून घेतलेले मीठ, निषिद्ध मानले आहे.

या भेदामागचे तत्त्व मीमांसकांच्या यागाच्या व्याख्येतून उलगडते. त्यांच्या मते याग म्हणजे देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग, आणि त्यागाचा अर्थ ‘हे आता माझे नाही’ असे म्हणणे. वरून घेतलेले मीठ नेमके उलट काम करते: ते प्रत्येकाच्या जिभेनुसार कमी-अधिक होते, चाखून ठरते, आणि अन्नाला खाणाऱ्याच्या मालकीचे करते. नैवेद्य दाखवण्यापूर्वी चाखायचा नसतो हा घरोघरीचा नियमही हेच सांगतो. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या प्रदेशात मीठ एकेकाळी बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येई, तेव्हा ते केवळ दुर्मीळ म्हणून देवाला मिळत नसे, अशी एक शंका घेता येईल. पण दुर्मीळ वस्तू देवाला आधी देण्याची चाल पाहता ती टिकत नाही.

आता घरच्या खाऊकडे पाहता निर्णय अवघड राहत नाही. अर्धी वाटी मक्याचे दाणे दोन चमचे तेलात झाकण ठेवून फोडले, अर्धी वाटी गूळ तुपावर वितळवून त्यातच पाव चमचा मीठ विरघळवले आणि तो पाक लाह्यांना चोळला, तर ते मीठ भाजीतल्या मिठासारखे आत मुरलेले असते व नैवेद्याला त्याने बाध येत नाही. तेच मीठ वरून भुरभुरले, तर ते प्रत्यक्ष लवण ठरते. होमाला मात्र यांपैकी काहीच चालणार नाही. लक्ष्मीपूजनासाठी सर्वांत निर्दोष मार्ग म्हणजे दाणे फुटताच मूठभर कोऱ्या लाह्या बत्ताशांसह आधी बाजूला काढाव्यात आणि मगच पातेल्यात गूळ-मीठ घालावे.