न दिसणे आणि नसणे

एखादी वस्तू दिसली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे कधी म्हणता येते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. मीमांसेतल्याच प्रभाकरांच्या परंपरेला ते मान्य नव्हते: घडा नाही म्हणजे नुसती जमीन दिसते, अभाव म्हणून वेगळे काही तिथे नसते. न्याय दर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, अभाव खरा मानला, पण तो प्रत्यक्षानेच कळतो असे म्हटले. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानातला हेतू ठरवले. इतके मतभेद असूनही एका अटीपाशी हे पक्ष जवळ येतात. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असायला हवी. हीच योग्यता. अंधारात घडा दिसला नाही, यावरून घडा नाही हे ठरत नाही.

जुन्या गाडीचे दिवे दुरुस्त करताना या अटीचे मोल फार स्वच्छ कळते, कारण तिथला सगळा शोधच नसलेल्या गोष्टीचा असतो. 1967 ते 1972 या वर्षांतला फोर्ड एफ-100 हा अमेरिकी पिकअप ट्रक उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या दिव्यांची वायरिंग साधी आहे: 12 व्होल्टची बॅटरी, स्विच, फ्यूज, वायर, बल्ब. बॅटरीचे ऋण टोक चेसिसला जोडलेले असते. दिव्याकडे करंट वायरने जातो आणि परततो तो गाडीच्या धातूतूनच. हे परतीचे अर्थिंग अनेक सांध्यांवर अवलंबून असते, आणि पन्नास वर्षांत ते सांधे गंजतात.

मागचा दिवा लागत नाही; होल्डरच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला, तोही लागत नाही. ‘करंटच येत नाही’ असा निष्कर्ष लगेच निघतो, आणि चांगली वायर बदलण्याचा उद्योग इथूनच सुरू होतो. वास्तविक टेस्ट लॅम्पचा चिमटा गंजलेल्या पत्र्याला लावला असेल, तर वायरीत पूर्ण 12 व्होल्ट असूनही तो लागणार नाही. म्हणून चिमटा लांब वायरीने थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावा, लॅम्पची सुई आधी बॅटरीच्या धन टोकाला टेकवून तो लागतो हे पाहावे, आणि मगच होल्डरकडे वळावे. त्यानंतर तो लागला नाही तर त्याचे न लागणे प्रमाण ठरते, आधी नव्हे. दर्शनकार जिला योग्यता म्हणतात ती हीच.

काही दिसले म्हणजे सारे आहे, हेही खरे नाही. बल्ब काढून मीटर लावला तर गंजलेल्या सांध्यातूनही जवळजवळ 12 व्होल्ट दिसतात, कारण मीटरमधून करंट नगण्य वाहतो. 60 वॅटच्या हेडलाइटला सुमारे 5 अँपिअर लागतात. वाटेत अर्धा ओहम रोध आला तर जवळपास 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि दिवा पिवळट होतो. त्यामुळे दिवा चालू ठेवूनच बॅटरीचे ऋण टोक आणि दिव्याचे अर्थिंगचे टोक यांच्यामध्ये मीटर लावावा. जोड चांगला असेल तर आकडा शून्याच्या अगदी जवळ येतो.

ब्रेक लाइटच्या बिघाडात अनुमानाला खरा वाव मिळतो. या ट्रकमध्ये मागे ब्रेक आणि इंडिकेटर यांना एकच तेजस्वी फिलामेंट पुरते, त्यामुळे ब्रेकचा करंट स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटर स्विचमधून जातो. इंडिकेटर लुकलुकतात पण ब्रेक दाबल्यावर एकही बाजू उजळत नाही, असे असेल तर बल्ब, अर्थिंग आणि मागची वायर तिन्ही निर्दोष ठरतात. उरतो तो ब्रेकचा पुरवठा, ब्रेक स्विच, इंडिकेटर स्विचमधला ब्रेकचा संपर्क आणि त्यांच्यामधली वायर. न्यायसूत्रांतल्या शेषवत् अनुमानाचा भाष्यकार वात्स्यायनांनी दिलेला एक अर्थ असाच आहे: संभाव्य पर्याय एकेक करून वगळायचे आणि उरलेला स्वीकारायचा.

हेडलाइट मधूनच विझतात आणि आपोआप परत लागतात, तेव्हा मात्र कसोटी अवघड होते. हेडलाइट स्विचमध्ये सर्किट ब्रेकर असतो. करंट जास्त झाला की तो तापून तुटतो, थंड झाल्यावर जुळतो. मीटर लावला त्या क्षणी दोष हजर नसेल, तर दोष न आढळण्याला काही किंमत उरत नाही. दिवे विझलेले असतानाच मोजमाप व्हायला हवे.

अभाव वेगळा पदार्थ आहे की नाही, हा प्रश्न ट्रकने सुटत नाही. मीटरवर 2 व्होल्ट दिसतात, जोडाचा अभाव दिसत नाही, असे प्रभाकरांचा अनुयायी म्हणू शकेल, आणि त्यात तथ्य आहे. तरी दुरुस्तीला नैयायिकांची मांडणी अधिक उपयोगी पडते. त्यांच्या मते अभाव नेहमी कशाचा तरी आणि कुठे तरी असतो. पहिला प्रतियोगी, दुसरे अधिकरण. ‘करंट नाही’ या वाक्यात अधिकरणच नाही. ‘ब्रेक स्विचच्या पुढच्या वायरीत करंट नाही’ या वाक्यात दोन्ही आहेत, आणि पाना कुठे लावायचा तेही त्यातूनच कळते.