जिकडेतिकडे आपलीच गाडी

गेल्या दिवाळीत आम्ही तपकिरी रंगाची वॅगन आर बुक केली. रंगाबाबत माझा एकच हट्ट होता, चारचौघांत उठून दिसला पाहिजे. पैसे भरून बाहेर पडलो तर कर्वे रोडच्या पहिल्याच सिग्नलला समोर तपकिरी वॅगन आर. नळस्टॉपला दुसरी. शेजारच्या सोसायटीच्या गेटाशी तिसरी, आणि तिच्यावर धुळीचा असा थर की ती महिनोन्‌महिने तिथंच उभी असणार. रोज तिच्यावरून जात होतो, दिसली मात्र त्या दिवशी. बायको म्हणाली, "अख्ख्या पुण्यानं आपल्याबरोबरच बुकिंग केलेलं दिसतंय."

पुण्यानं काहीच केलं नव्हतं. वॅगन आर भारतातल्या रस्त्यांवर 1999 सालापासून आहे. डोळ्यांसमोरून जाणाऱ्या शेकडो गोष्टींतून मेंदू आपल्या कामाच्या तेवढ्या वेचतो आणि बाकीच्या सोडून देतो. तसं केलं नाही तर माणूस सिग्नल ओलांडू शकणार नाही. त्या दिवशी ही गाडी माझ्या कामाच्या यादीत चढली, एवढंच घडलं. पुढं दिसलेली प्रत्येक गाडी 'बघ, आणखी एक' म्हणून जमा होत गेली. जे सिग्नल तिच्याविना गेले ते कुणी मोजले?

स्टॅनफर्डचे भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्ड झ्विकी यांनी 2005 साली याला 'फ्रिक्वेन्सी इल्यूजन' असं नाव दिलं. आपण वारंवारितेचा भास म्हणू. त्याआधीपासून चालत आलेलं नाव आहे 'बाडर-माइनहोफ'. हा जर्मनीतला एक अतिरेकी गट. 1994 साली अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या एका वाचकानं वर्तमानपत्राला कळवलं, की हे नाव त्याच्या कानावर पहिल्यांदा पडलं आणि चोवीस तासांत पुन्हा पडलं. गटाचा या प्रकाराशी संबंध तेवढाच. झ्विकींचा रोख होता भाषेविषयी कुरकुरणाऱ्यांवर. ती जमात आपल्याकडेही आहे आणि मी तिचा जुना सभासद आहे. 'मला मदत कर'ऐवजी 'माझी मदत कर' म्हणतात हे कुणीतरी दाखवून दिल्यापासून मला दुसरं काही ऐकूच येत नाही.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण हीच नजर घेऊन आपण मांजर आडवी गेल्याचा हिशेब ठेवतो, पत्रिका पाहतो आणि माणसंही पाहतो.

मांजर आडवी गेली आणि काम फिसकटलं, तो दिवस वर्षभर सांगितला जातो. ती आडवी जाऊनही काम झालं, तो दिवस कुणाच्या ध्यानातही राहत नाही. ज्योतिषाचं दुकान याच उधारीवर चालतं. म्हणून 2008 साली जयंत नारळीकर यांनी, नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, ज्योतिषाची जी चाचणी घेतली तिचं मोल मला फार वाटतं. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन विचारलं, यातली हुशार मुलाची कुठली आणि मतिमंद मुलाची कुठली, ते सांगा. 51 जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरं आली 27 जणांची. सगळ्यात चांगला निकाल 40 पैकी 24. सरासरी मात्र नाणं उडवून जेवढी उत्तरं बरोबर यावीत, त्याच्याही खाली. एका संस्थेनं सगळ्या 200 पत्रिका तपासल्या आणि 102 बरोबर सांगितल्या. या चाचणीत कुणाच्या श्रद्धेला शिवी नव्हती. साधलेल्या नेमाबरोबर चुकलेले नेमही त्याच वहीत मांडले होते, इतकंच. आपण ते मांडत नाही.

आता घरातली गोष्ट. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे खाडे कालनिर्णयवर लाल पेननं फुली मारून लिहायची पद्धत आहे. बहुतेक घरांत असेल. एकदा पाहुणे यायचे होते नेमकं त्याच दिवशी मावशी आल्या नाहीत आणि मी म्हणालो, "हल्ली फारच खाडे करतात." बायकोनं खिळ्यावरून कॅलेंडर काढलं आणि माझ्यासमोर तीन महिन्यांची पानं उलटली. फुल्या चार. मग तिनं विचारलं, "आणि तुझ्या ऑफिसच्या रजा?" सात निघाल्या, त्यातल्या दोन तर क्रिकेटपायी. शरमेनं मी पुन्हा त्या पानांकडं पाहिलं. ज्या दिवशी मावशी आल्या, पोळ्या करून, ओटा पुसून गेल्या, त्या दिवसाच्या चौकटीत काहीच नव्हतं. असे पंच्याऐंशीच्या वर दिवस कोरे होते. आमचं कॅलेंडर मुळात फुलीसाठीच आखलेलं होतं. मग दिसणार काय?

समाज म्हणूनही आपण असंच कॅलेंडर ठेवतो. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण फुल्या मारणं थांबलं नाही. गावात चोरी झाली की पहिली झडती पारध्यांच्या पालावर. जिथं शोधाल तिथलेच लोक सापडणार, आणि तिथलेच सापडतात म्हणून पुन्हा तिथंच शोधायचं! मग ज्यांची झडती कधी झालीच नाही त्यांनी छातीवर हात ठेवून म्हणायचं, "त्या लोकांचं असंच असतं." जात विचारून घर भाड्यानं देणारा मालकही अनुभवाचाच दाखला देतो. त्याच्या अनुभवात एक वाईट भाडेकरू असतो. स्वतःच्या जातीचे तीन वाईट भाडेकरू त्याच्या लेखी फक्त 'वाईट माणसं' असतात, जात तेवढी गळून पडते.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्याआधीपासून मोबाइलवर पसरले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी बाजारात आले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावानं त्यांना ठार मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं महाराष्ट्रानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आहेत. माणसं नवी नव्हती, मेसेज नवा होता. तो वाचलेल्या डोळ्यांना त्या दिवशी झोळी दिसली नाही, टोळी दिसली. तपकिरी गाडी टिपणारे माझे डोळे आणि ते डोळे यांची जात एकच आहे, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

त्यात आता फोनची भर. पूर्वी निदान रस्ता होता तसाच राहायचा, फक्त माझं लक्ष बदलायचं. आता मी एकदा गाडी शोधली की महिनाभर गाड्यांच्याच जाहिराती येतात. एखाद्या समाजाविरुद्धचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की तसलेच दहा पुढ्यात येऊन पडतात. भास खरा करून दाखवणारं यंत्र आपण खिशात घेऊन फिरतो आणि वर म्हणतो, "मी रोज पाहतोय ना!" रोज पाहणं हा पुरावा नव्हे. एकूण किती होते, त्यातले किती तसे होते आणि बाकीच्यांचं काय, एवढे तीन प्रश्न शाळकरी पोरालाही विचारता येतात. आपण ते शेअर बाजारात विचारतो. शेजाऱ्याबद्दल बोलताना मात्र विचारत नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, की भंगार गोळा करणाऱ्या बायका हल्ली सर्रास चपला, सायकली उचलतात, कुणी गेटाच्या आत घेऊ नये. खाली धडाधड अंगठे. मी विचारलं, "या वर्षात नेमक्या किती सायकली गेल्या? कुणाच्या?" बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं की त्यांच्या नातवाची सायकल गेली होती खरी, पण ती नंतर क्लासच्या बाहेर सापडली. त्याच्या खाली कुणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकलं, सुप्रभात लिहिलेलं. दुपारचे तीन वाजले होते.