डासाचा वंश आणि दयाधर्म



तलमडुगु परिसरातील वाचकांना हिवताप म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पाऊस लागला, डबक्यांत पाणी साचले, की घरात कोणी ना कोणी गोधडीत कुडकुडत पडलेला असतो. ऐन निंदणीत रोज बुडतो, मूल शाळेला मुकते. म्हणून डासासंबंधी जो प्रश्न आज जगभर विचारला जात आहे, तो आपल्या अंगणातलाच आहे. रोग पसरविणाऱ्या डासाच्या बीजातच फेरफार करून त्याचा वंश नाहीसा करता आला, तर तो करावा काय?

जीव घेऊ नये, दया हाच धर्माचा पाया, हे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडले, त्याच्या तोंडून ‘नको’ हेच उत्तर प्रथम येते. परंतु हे उत्तर देणारा संध्याकाळी दार लावून धूर करतोच, अंगावर बसलेला डास चापटीने मारतोच. आपल्या राष्ट्राने तर यापेक्षा पुष्कळच मोठी हिंसा केली आहे. 1947 साली देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे 8 लाख दगावत, असा अंदाज होता. 1953 पासून गावोगाव डीडीटी फवारली गेली. रोग इतका ओसरला की 1958 साली कार्यक्रमाच्या नावातच ‘निर्मूलन’ हा शब्द आला. पुढे डास त्या औषधाला सरावला, माणसेही सैल पडली, आणि 1976 मध्ये रुग्णसंख्या पुन्हा 64 लाखांवर गेली. त्या फवाऱ्याने डासाबरोबर किती निरपराध किडे मेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तेव्हा अहिंसेच्या नावाने नव्या विद्येला दोष देताना जुन्या फवाऱ्याकडे डोळेझाक करणे, ही दया नव्हे, सवय होय.

नवी विद्या काय करते ते नीट समजून घ्यावे. डासाची मादीच चावते, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागते. नर चावत नाही. जालना जिल्ह्यातील बदनापूर तालुक्यात दावलवाडी येथे 2017 साली ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या तंत्राने डेंग्यूच्या डासावर पिंजऱ्यातील चाचण्या सुरू झाल्या. या तंत्रात नराच्या बीजात असा एक गुण घालतात की त्याची संतती पंख फुटण्यापूर्वीच मरते. या उपायाने एकाच जातीचा डास घटतो. मधमाशी, मासा, बेडूक यांच्यावर थेट घाव पडत नाही. नर सोडणे थांबविले की तो गुणही काही पिढ्यांत संपून जातो. शिवाय डेंग्यूचा हा डास मूळचा आपल्या मातीतला नाही. तो आफ्रिकेतून जहाजांबरोबर आला आणि आपल्या रांजणांत, कूलरमध्ये, टाकलेल्या टायरांत घर करून राहिला. तो येथून गेला तर फार काही बिघडेल असे आम्हांस वाटत नाही. हिंसेची तुलनाच करायची, तर फवाऱ्यापेक्षा ही हिंसा थोडकी आहे.

दुसरा प्रकार मात्र वेगळा. साधारणपणे आईबापांचा एखादा गुण निम्म्या संततीत उतरतो. क्रिस्पर नावाची जी बीज कातरण्याची युक्ती 2012 नंतर हाती आली, तिने असे साधता येते की घातलेला गुण जवळजवळ सर्वच संततीत उतरावा. तो मग आपणहून पसरतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात 2018 साली आफ्रिकेतील हिवतापाचे डास पिंजऱ्यात असे बदलले, तेव्हा 7 ते 11 पिढ्यांत पिंजरा रिकामा झाला. असे डास आजवर मोकळ्या हवेत सोडलेले नाहीत. सोडले, तर परत बोलाविता येणार नाहीत. पैनगंगेच्या अलीकडे सोडलेला डास पलीकडे जाताना कोणाची अनुमती घेणार?

आमच्या मते पेच डासाच्या प्राणात नाही, या अनुमतीत आहे. 1970 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या संशोधन परिषदेबरोबर दिल्लीत डासांच्या वंशनियंत्रणाचे केंद्र चालविले होते. पैसा अमेरिकेचा, गावे आपली. यामागे जैविक युद्धाची तयारी आहे अशी शंका वर्तमानपत्रांत आणि संसदेत उठली, सोनीपतमध्ये डास सोडण्याचा बेत थांबला आणि 1975 मध्ये केंद्र बंद पडले. शंका किती खरी होती हा वाद वेगळा. विश्वास मात्र गेला. परवा ऑगस्ट 2025 मध्ये आफ्रिकेतील बुर्किना फासो सरकारनेही तेथील अशाच संशोधनाचे काम बंद केले. अनुभवमंटपात स्त्रिया, कारागीर, सर्व कायकांची माणसे विचाराला बसत. येथे तर ज्यांच्या अंगावर तो डास बसणार, त्यांना निर्णय झाल्यावरच कळते.

पण ‘थांबा’ म्हणणाराही मोकळा सुटत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. 2023 साली जगात हिवतापाने सुमारे 5 लाख 97 हजार माणसे गेली, आणि त्यांत बहुतेक आफ्रिकेतील पाच वर्षांखालची लेकरे. डासावर दया करा असा उपदेश मच्छरदाणीत झोपून करणे सोपे असते. ज्या आईचे मूल तापाने फणफणले आहे, तिच्यासमोर तो करून पाहावा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सपाटीवर हिवताप पसरविणारा डास एक, डोंगरातील ओढ्यांचा दुसरा, शहरातील टाक्यांचा तिसरा. एकाचा वंश बुडविला तरी दुसरे उरतात. म्हणून दावलवाडीसारखा आपोआप संपणारा उपाय, गावाने समजून उमजून होकार दिल्यास, आम्ही मान्य करू. आपणहून पसरणाऱ्या बीजाला आज आमची संमती नाही.

मधली एक वाट शोधली जात आहे, तीत डास जगतो, पण हिवतापाचे जंतू त्याच्या पोटात वाढत नाहीत. आपल्या शहरांतील हिवतापाच्या डासात कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी 2015 साली अशा गुणाचे बीज घालून दाखविले. ज्या जंतूचा डासाशी संबंध रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी आपल्याच सिकंदराबादेत ओळखला, त्यालाच येथे वाट बंद होते. दयेच्या दृष्टीने ही वाट आम्हांस अधिक रुचते. परंतु तो गुणही आपणहून पसरणाराच आहे. म्हणजे नदीपलीकडच्या गावाला विचारणे येथेही चुकत नाही.