मांडव्यांचा शाप आणि शेजारचं टेबल

चोरांनी आश्रमात लपवलेला ऐवज सापडला आणि मौनव्रत धरलेल्या मांडव्य ऋषींना राजाने सुळावर चढवलं. पुढे ऋषींनी यमधर्माला जाब विचारला. लहानपणी किड्यांना काडी टोचली होतीस, त्याचं हे फळ, असं उत्तर आलं. मांडव्य भडकले. अजाण वयातल्या खोडीला सूळ? त्यांनी धर्मालाच शाप दिला, तो दासीच्या पोटी विदुर होऊन जन्मला. शिवाय वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत पाप लागणार नाही, अशी मर्यादाही त्यांनी घालून दिली. ही कथा आहे महाभारताच्या आदिपर्वातली.

आपल्या कायद्याची रेघ याहून अलीकडे आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंच कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात त्याला किती समज होती ते पाहिलं जातं. 2024 मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हाही हा नियम जुन्या दंडविधानातून जसाच्या तसा आला.

पण किड्यांचं काय? मूल निर्दोष ठरलं, तरी काडी टोचायची ती टोचलीच. हॉटेलात टेबलांमधून धावणारा पाच वर्षांचा पोरगा पापी नाही. मात्र गरम सांबार घेऊन येणाऱ्या वेटरला तो धडकला, तर भाजायचं ते भाजतंच. मग हा भार कुणी उचलायचा?

दक्षिण कोरियात अनेक कॅफे-रेस्टॉरंटांनी सोपा उपाय काढला: दारावर ‘नो किड्स झोन’ची पाटी. जेजू बेटावरच्या अशा एका रेस्टॉरंटबाबत तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2017 मध्ये हा भेदभाव असल्याचं सांगितलं. काही मुलांच्या वागण्यासाठी सगळ्याच मुलांना दार बंद करणं आयोगाला पटलं नाही.

प्रार्थनास्थळातला प्रश्नही हाच. हदीसमध्ये नोंद आहे, की नमाज लांबवायचं ठरवूनही मूल रडताना ऐकलं, की आईची घालमेल ओळखून पैगंबर ती आटोपती घेत. बालकाला दटावण्याऐवजी वडीलधाऱ्याने आपला वेळ कमी केला.

अर्थात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने दरवेळी असंच का करावं, हा आक्षेप उरतोच. तो इमाम नाही, आणि जेवणाचे पैसे त्याने मोजलेत. म्हणून पहिली पाळी आईबापांची: मोबाइल खाली ठेवून पोराला उचलायचं, बाहेर एक फेरी मारून आणायचं. एवढं होऊनही तान्हं बाळ रडत राहिलं, तर पाळी शेजाऱ्याची.