भिंतीवरचं चित्र आणि मनातलं चित्र



परवा सत्संगात एका ताईंनी विचारलं, "ख्रिस्ती माणसं चित्रांपुढे मेणबत्त्या लावतात, मग डोळे मिटल्यावर मनातही तेच चित्र धरतात का?" उत्तर एक नाही.

ग्रीस-रशियाकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये येशूच्या, मरियेच्या पवित्र चित्रांपुढे वाकतात, त्यांचं चुंबन घेतात. त्या चित्राला 'आयकॉन' म्हणतात. चित्राला दिलेला मान ज्याचं चित्र त्याला पोचतो, आराधना मात्र फक्त देवाची, असं निकेयाच्या धर्मसभेनं ७८७ साली ठरवलं.

आणि गंमत बघा, त्याच परंपरेतले साधू सांगतात, प्रार्थनेत देवाचं रूप मनात रचू नका! इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस यांनी हे चौथ्या शतकातच लिहून ठेवलंय. आयकॉन परंपरेनं ठरवलेलं, आपल्या मर्जीनं बदलत नाही. मनातलं चित्र आपणच रंगवतो. ते आपल्याला हवं तेव्हा हसतं, हवं तेच बोलतं. आणि माणूस समजतो, मला दर्शन झालं! घसरतो तो तिथेच.

कॅथलिकांमध्ये इग्नेशियस लोयोला यांची वाट वेगळी. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांचे हे सोबती. ते सांगतात, बेथलेहेमचा रस्ता डोळ्यांसमोर आणा, सपाट आहे की चढउताराचा? गुहा केवढी? तिथं बाळाच्या सेवेला उभे राहा. म्हणजे चित्र रंगवायचं, पण शुभवर्तमानातल्या प्रसंगाचं. शिवाय साधक एकटा नसतो. मनात काय उमटलं, काय ढवळलं, ते मार्गदर्शकाला जाऊन सांगायचं असतं.