पुढचं पान दाखवायचं नाही

माझे बाबा फोंडा तालुक्यातल्या देवळांत कीर्तन करतात आणि मी मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर पोकरचे पत्ते वाटते. गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे, नोकरीला नाही. त्यामुळे या खेळात माझं काम फक्त वाटायचं आणि बघायचं. घरी आम्ही कोकणी बोलतो, पण वादाला तोंड फुटलं की बाबा कीर्तनातल्या मराठीवर येतात. त्यांचा आक्षेप पैशाला नाही. "जुगार धर्मराजानंही खेळला. पण जिथं खोटं बोलल्याशिवाय जिंकताच येत नाही, तिथं तू वाढपी म्हणून उभी आहेस, त्याचं काय?"

निव्वळ ब्लफपुरतं, म्हणजे हातात काही नसताना लावलेल्या बोलीपुरतं, उत्तर माझ्याकडे आहे. तत्त्वज्ञ कांटची कसोटी अशी की आपण जे करतो तोच सगळ्यांचा नियम झाला तर तो टिकेल का, हे बघावं. सगळेच खोटी वचनं देऊ लागले तर वचनावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून खोटं वचन वर्ज्य. हीच कसोटी पोकरला लावून बघा. सगळे कायम ब्लफ करू लागले तर कुणी घाबरणार नाही आणि ब्लफ मरेल. पण कुणीच कधी ब्लफ केला नाही, तरी खेळ मरतो. मोठी बोली आली की सगळे पानं टाकतील आणि खऱ्या हातालाही दमडी मिळणार नाही. गणिती फॉन नॉयमान आणि अर्थशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४च्या आपल्या ग्रंथात पोकरचं गणित मांडलं, तेव्हा ब्लफ हा उत्तम खेळाचाच भाग ठरला. शेवटच्या फेरीत पॉटएवढी, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेएवढी, बोली लावायची तर दोन खऱ्या हातांमागे एक खोटा, हे आजचं ढोबळ प्रमाण. इथं थोडं खोटं असतं म्हणून खऱ्याला किंमत येते, आणि टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं.

खरी अडचण अर्ध्या खोट्याची आहे. डेव्हिड स्क्लान्स्की या लेखकानं त्याला सेमी-ब्लफ हे नाव दिलं. हात अजून झालेला नाही, पण होऊ शकतो. अशा वेळी तो झालाच आहे अशा थाटात बोली लावायची.

एका स्पर्धेत बक्षिसांच्या यादीला एकच माणूस जास्त उरला होता. खेळाडू या अवस्थेला बबल म्हणतात. आता जो बाहेर जाईल तो रिकाम्या हातानं जाईल. मी टेबलावर सगळ्यांची सामायिक तीन पानं उघडली: बदामचा राजा, बदामची तिर्री, इस्पिकची दुर्री. पॉटमध्ये १०,००० चिप्स होत्या. एकानं समोरच्याकडे उरलेल्या सगळ्या २०,००० चिप्सना पुरेल एवढी बोली पुढे सरकवली. त्याच्या हातात बदामची अठ्ठी आणि सत्ती होती, म्हणजे त्या क्षणी काहीच नव्हतं. समोरच्याकडे राणीची जोडी होती. त्यानं बराच वेळ विचार केला, राण्या उताण्या करून दाखवल्या आणि टाकून दिल्या. मग जिंकलेल्यानंही हौसेनं आपली पानं दाखवली.

हे धाडस नव्हतं, हिशेब होता. हात अगदीच पोकळ असता तर १०,००० साठी २०,००० लावताना समोरच्यानं तीनांतून दोनदा माघार घ्यायला हवी होती. पण न दिसलेल्या पानांत नऊ बदाम शिल्लक होते, म्हणजे पुढच्या दोन पानांत पाच बदाम होऊन रंग जमण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. बोली पकडली गेली तरी ५०,०००च्या पॉटमध्ये सरासरी १७,५०० त्याचे. तोटा २,५००चा. आता समोरचा पाचांतून एकदा हटला तरी हिशेब बरोबरीत सुटतो.

स्पर्धेत मात्र एवढ्यावर भागत नाही. चिपा संपल्या की घरी, म्हणून गेलेली चिप मिळालेल्या चिपेपेक्षा महाग पडते. पाचांतून एकापेक्षा बरीच जास्त खात्री लागते. पण हीच महागाई समोरच्यालाही छळते. ज्याच्याकडे चिपांचा डोंगर आहे तो उत्सुकतेपोटी बोली पकडतो; ज्याच्याकडे चिमूटभर उरल्यात तो नाइलाजानं पकडतो. मधल्याला निवडायचं. त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं आणि आपल्याकडे त्याच्याहून जास्त चिपा असतात. आपण हरलो तर जखमी होऊ, तो हरला तर जाईल.

"म्हणजे तुम्ही खोटं नाही, भीती विकता," बाबा म्हणाले आणि त्यांनी द्रोणवधाचं आख्यान लावलं. द्रोणाच्या मुलाचं नाव असलेला हत्ती मेला होता हे खरंच होतं, त्यामुळे तो मेला हे धर्मराजाचं वाक्य अर्धं खरं. द्रोणानं मुलाबद्दल विचारायला त्यालाच निवडलं, कारण हा खोटं बोलत नाही अशी त्याची ख्याती. ती सगळी पुण्याई एका वाक्यात खर्ची पडली. मला हे झोंबलं, कारण टेबलावरही असंच घडतं. तासन् तास पानं टाकत बसलेल्या माणसाचा ब्लफच सगळ्यात जास्त चालतो. फरक एवढाच की द्रोण खेळायला बसला नव्हता; त्यानं विश्वासानं विचारलं होतं. टेबलावर तसं कुणी विचारत नाही. बाबांना हा फरक पुरेसा वाटत नाही.

पण त्या हातानंतर जे झालं त्यावर आमचं थोडं जमलं. जिंकलेला माणूस मला म्हणाला, "पुढचं पान दाखवा ना, बदाम आलं असतं का बघू." स्पर्धेत ते दाखवायचं नसतं, डाव संपला की उरलेली पानं बंदच गोळा करायची. पत्ते पिसून झाले तेव्हाच ते पान ठरलेलं होतं. बाबांच्या भाषेत ते प्रारब्ध. ३५ टक्के गड्डीत नव्हते, ते त्या माणसाच्या अज्ञानात होते. बोली हे त्याचं क्रियमाण, तेवढंच त्याच्या हातात. बदाम निघालं असतं तर त्याला वाटलं असतं आपण खरंच बोललो. इस्पिक निघालं असतं तर वाटलं असतं आपण हुशार. दोन्ही वेळा त्यानं आपला न्याय पानाकडून उसना घेतला असता.

बाबा म्हणाले, "धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. तो खाली आला तो बोलल्याबरोबर, द्रोणानं शस्त्र टाकायच्याही आधी." म्हणजे निवाडा कृतीच्या जागीच झाला. युद्ध जिंकलं म्हणून रथ पुन्हा वर गेला नाही आणि हरले असते म्हणून तो आणखी खाली गेला नसता.

म्हणून ब्लफ केव्हा करावा, या प्रश्नाचा धर्माचा भाग मला बोली सरकवण्याच्या आधी दिसतो. खेळणाऱ्यानं तेव्हा स्वतःला विचारावं: नऊ बदाम मोजताना समोरच्याच्या हातात बदामचा एक्का आणि राणी असू शकते, मग माझे नऊच्या नऊ फुकट, हे मी मोजलं का? तो हटेल असं मी त्याचा खेळ बघून म्हणतोय, की मला आता उठायचं नाही म्हणून? समोरच्याला फसवायची परवानगी खेळ देतो. स्वतःला फसवायची परवानगी कुठलाच खेळ देत नाही, आणि टेबलावर मी जे खोटं रोज पाहते त्यातलं बरंचसं या दुसऱ्या जातीचं असतं. पहिल्या जातीच्या खोट्यालाही रथ खाली येतोच, असं बाबा अजून म्हणतात. त्यांना खोडून काढेल असं माझ्याकडे काही नाही.