शर्यत कोणाची?

१९७० च्या आसपासची गोष्ट. ओहोटी लागली की मालगुंडची पुळण टणक व्हायची आणि तिच्यावर छकडे पळायचे. आमच्या वाडीतले एक काका कायम पुढे. आम्ही पोरं ओरडत मागून धावायचो.

एकदा जिंकल्यावर त्यांनी बैलांना पाणी दाखवायला मला बोलावलं. केवढा अभिमान! मी बैलाची शेपटी धरली, तर हाताला रक्त. पळवायला दातांनी चावलेली. मी काकांकडे बघितलं. ते हसले, म्हणून मीही हसलो. ते हसणं अजून सलतं.

काका दुष्ट नव्हते हो. आजारी बैलापाशी रात्र काढताना मी त्यांना पाहिलंय.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा शर्यती बंद केल्या, २०२३ साली राज्याचा कायदा उचलून धरला. लोक विचारतात, "भाऊ, तुमचं काय मत?" मीही जन्मभर बैल राबवले, त्यांना विचारून थोडेच? पण बैल दमला की मी जोत सोडायचो. शर्यतीत दमलेला बैल कुणाला दिसत नाही. मलाही दिसला नव्हता, हाताला रक्त लागेपर्यंत. आणि लागल्यावरही मी हसलोच.